पहिल्या गोळीच्या आधी, घरच्यांसाठी

मुंबईतल्या एका ओएसटी केंद्रात, म्हणजे नशा सोडवायला औषध देणाऱ्या केंद्रात, मी रोज सकाळी लोकांना जिभेखाली ठेवायच्या गोळ्या देते. गर्द (ब्राउन शुगर, म्हणजे हेरॉइन) सोडायला आलेल्या मुलासोबत बहुतेक वेळा आई किंवा बायको असते आणि तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "सिस्टर, गोळी कधी देणार?" हे तिच्यासाठी लिहितेय.

पहिल्या गोळीची घाई करू नका. ही गोळी ब्युप्रेनॉर्फिनची. ते मेंदूत गर्दच्याच जागी जाऊन बसतं, पण जास्त घट्ट बसतं आणि त्याचा जोर कमी असतो. अंगात गर्द असतानाच गोळी दिली तर ती गर्दला हुसकावून लावते आणि तासाभरात जबर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, लागते. म्हणून शेवटच्या सुईनंतर किंवा पन्नीनंतर (पन्नी म्हणजे चांदीच्या कागदावर जाळून ओढलेलं गर्द) साधारण 12 तास जाऊ द्यायचे. घड्याळापेक्षा अंग बघा: सारख्या जांभया, वाहणारं नाक, अंगावर काटा, मोठ्या झालेल्या बाहुल्या. हे दिसलं की डॉक्टर गोळी सुरू करतात.

एका मुलाने मला "काल रात्री गर्द घेतलं" असं सांगितलं होतं. खरं तर येण्याआधी दोन तास घेतलं होतं. गोळी दिल्यावर उलट्या, जुलाब, पाय झाडणं. त्याची आई बाकावर त्याचं डोकं मांडीवर घेऊन दुपारपर्यंत बसली होती. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तेव्हापासून वेळ विचारताना मी घरच्यांना बाहेर थांबवते. आईसमोर खरं निघत नाही. राग मानू नका.

पहिल्या गोळीच्या आदली रात्र कठीण जाते. मीठ-साखरेचं पाणी, भाताची पेज, पांघरूण जवळ ठेवा. भांडण आणि हिशेब त्या रात्री नको.

गोळी घेण्याआधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायचं. मग जिभेखाली ठेवून 5 ते 10 मिनिटं बोलायचं नाही, गिळायचं नाही. गिळली तर बरीचशी वाया जाते. पूर्ण विरघळली की पाण्याने चूळ फिरवून गिळायची. ब्रश मात्र तासाभराने, नाहीतर दात खराब होतात. मी जीभ वर करून दाखवायला सांगते, तो अपमान नाही. बाहेर नेलेली गोळी कुणीतरी सुईतून घेतं.

पहिल्या दिवशी बहुधा 2 ते 4 मिलिग्रॅम. पुढच्या काही दिवसांत डॉक्टर डोस वाढवतात, तोपर्यंत थोडी तलफ राहते. त्यावर घरी दारू किंवा झोपेची गोळी द्यायचीच नाही, दोन्ही मिळून श्वास मंदावतो. घोरतोय, ओठ निळे पडलेत, हाक मारून उठत नाही, असं दिसलं तर थेट 108.

"म्हणजे एका नशेऐवजी दुसरी?" हा प्रश्न सासरच्यांकडून हमखास येतो. योग्य डोसवर माणूस झिंगत नाही. झोपतो, जेवतो, कामावर जातो. रक्तदाबाची गोळी जशी महिनोन्‌महिने चालते तशी ही चालते, कित्येकांना वर्षानुवर्षं. महिन्याभरात "आता बरा झाला" म्हणून बंद करायला लावू नका. तोवर तेवढं गर्द झेलायची अंगाची जुनी सवय गेलेली असते. मग तो पूर्वीइतकंच गर्द घेतो आणि तेवढंच जिवावर बेततं. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

ओएसटी केंद्रात गोळी मोफत मिळते. ही केंद्रं मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी आहेत. पन्नीवाल्यांनी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारावं. जवळची जागा माहीत नसेल तर 14446 या नशामुक्ती हेल्पलाइनवर फोन करा.

गणपतीला गावी जायचं असेल तर आठवडाभर आधी सांगा. तेवढ्या दिवसांचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. न सांगता गेलात आणि गोळ्या चुकल्या, तरी परत या. फक्त किती दिवस चुकल्या आणि मधे काय घेतलं ते खरं सांगा, कारण मग जुना डोस लगेच देता येत नाही, पुन्हा थोड्यापासून चढवावा लागतो.