मोठ्या पार्टीचं काम निम्मं झालं, तर पुढचं काम कुठे शोधायचं

मोठ्या पार्टीकडून, म्हणजे सगळ्यात जास्त काम देणाऱ्या ग्राहक कंपनीकडून, पुढच्या महिन्याचं शेड्यूल ईमेलने येतं आणि 4000 नगांच्या जागी 1500 लिहिलेलं असतं. कारण कुठेच दिलेलं नसतं. बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कुठल्याही लहान कारखान्याच्या मालकाला विचारा, हा ईमेल त्याने एकदा तरी वाचलेला असतो. मग रविवारी दांडिया बाजारात चहा पिताना कोणीतरी सोलरचं सुचवतं, कोणी ड्रोनचं, कोणी म्हणतं विमानाचं काम येतंय, त्यात घुसा.

त्या सल्ल्यांकडे सध्या कानाडोळा करा. अडचणीच्या काळात पहिलं नवं काम बहुतेक वेळा कारखान्याच्या आतच सापडतं: कोटेशनच्या फाइलीत, बंद पडलेल्या मशीनच्या तासांत, आणि त्याच मोठ्या पार्टीच्या दुसऱ्या एखाद्या डोकेदुखीत. ते कसं काढायचं, ते पुढे.

आधी खड्डा मोजा

"धंदा निम्म्यावर आला" हे वाक्य घाबरवतं, पण त्यातून करायचं काय ते कळत नाही. आकडा काढा. समजा महिन्याची विक्री 60 लाख होती आणि त्यात मोठ्या पार्टीचे 33 लाख. तिचं काम 12 लाखांवर आलं, म्हणजे विक्री 39 लाख. मालाचा आणि नगागणिक होणारा खर्च विक्रीच्या 58 टक्के धरला तर हातात 42 टक्के राहतात, म्हणजे 16.38 लाख. पगार, भाडं, व्याज, हप्ते असा बांधलेला खर्च 21 लाख. दर महिन्याला तूट 4.62 लाख.

आता 21 लाखांना 0.42 ने भागा. 50 लाखांच्या विक्रीवर तूट शून्य होते. म्हणजे गेलेले 21 लाख परत आणायचे नाहीत, 11 लाखांचं काम शोधायचं आहे. आणि ते जॉबवर्कचं असेल, म्हणजे माल समोरच्याचा असेल, तर आणखी कमी लागतं. बिलातले 20 टक्के वीज-टूलमध्ये गेले असं धरलं, तरी साधारण 5.8 लाखांच्या बिलात तूट भरते. हा आकडा ऑफिसच्या फळ्यावर लिहा. पुढचे तीन महिने प्रत्येक प्रस्ताव त्या आकड्यासमोर ठेवून बघायचा.

खात्यातले पैसे फसवतात

काम घटल्यावर पहिले दोन महिने बँकेत पैसे जास्त दिसतात. जुन्या बिलांची वसुली येत राहते आणि नवी खरेदी कमी झालेली असते. बरेच मालक इथेच गाफील राहतात. कोणी याच काळात नवं मशीनही बुक करून बसतो. तिसऱ्या महिन्यात वसुली एकदम आटते.

म्हणून 13 आठवड्यांचा तक्ता मांडा. आडव्या ओळीत आठवडे, उभ्या रकान्यात येणारं आणि जाणारं. बिल कधी फाडलं ते धरू नका. ती पार्टी मागच्या सहा महिन्यांत प्रत्यक्षात किती दिवसांनी पैसे देत होती, ते दिवस धरा. दर सोमवारी एक आठवडा पुसा, एक जोडा. ज्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाते, त्याच्या सहा आठवडे आधी बँकेत जायचं.

सीसी खात्याचं (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) एक गणित इथे नडतं. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल ती मर्यादा, स्टॉक आणि पार्ट्यांकडून येणं असलेल्या रकमेवर ठरते. दोन्ही घटले की मर्यादाही खाली येते. नेमकी गरज असते तेव्हाच. आणि मुदत कर्जाचा हप्ता थकला की बँक खात्यावर धोक्याचा शिक्का मारते: 30 दिवसांपर्यंत एसएमए-0, 31 ते 60 एसएमए-1, 61 ते 90 एसएमए-2, त्यापुढे एनपीए, म्हणजे बुडीत खातं. 25 कोटींपर्यंतच्या कर्जाच्या लहान उद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च 2016 मध्ये पुनरुज्जीवनाची चौकट आणली. तिच्यात उद्योजक स्वतःहूनही अर्ज करू शकतो, खातं एनपीए होण्याची वाट बघावी लागत नाही. मॅनेजरकडे तोच 13 आठवड्यांचा तक्ता घेऊन जा. नुसती "मंदी आहे, साहेब" अशी तक्रार त्याने रोजच ऐकलेली असते.

वसुलीबद्दल थोडक्यात. उद्यम नोंदणी क्रमांक (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) बिलावर छापा. लेखी करार असला तरी पैसे द्यायला 45 दिवसांपलीकडे मुदत चालत नाही, करार नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याच्या चक्रवाढीने. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं या मुदतीत दिलं नाही, तर प्राप्तिकराच्या नियमाने खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच मिळते. म्हणून फेब्रुवारीत पाठवलेलं स्मरणपत्र जास्त लागू पडतं. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार मात्र ज्यांच्याशी पुन्हा व्यवहार करायचा नाही त्यांच्यासाठीच ठेवा.

लोकांना पहिल्याच आठवड्यात सांगा

शेड्यूल कमी झालंय हे लोडिंगवाल्याला तुमच्या आधी कळतं, कारण टेम्पो अर्धा रिकामा जातो. लपवलं तर सगळ्यात आधी तुमचा चांगला सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) पोर किंवा सावली या गावांतल्या दुसऱ्या कारखान्यात जाऊन बसतो, आणि पुढचं काम त्याच्याशिवाय उभं राहत नाही. काम किती घटलं, ओव्हरटाइम कधीपासून बंद, पगार कुठल्या तारखेपर्यंत नक्की, एवढं उभ्याने दहा मिनिटांत सांगा. जे माहीत नाही त्याचं आश्वासन देऊ नका.

त्याच दिवशी जुन्या फोरमनना बाजूला घेऊन एक प्रश्न विचारा: "काका, गेल्या दोन वर्षांत आपण कुठकुठलं काम परत पाठवलं?" उत्तर बहुधा असं येतं: "ते पंपाच्या कास्टिंगचं, साहेब. फिक्स्चर अजून माळ्यावर पडलंय." फिक्स्चर म्हणजे मशीनवर तो भाग पकडून ठेवणारा साचा. अशा दोन-तीन फिक्स्चरवरची धूळ झटकली तरी सुरुवात होते.

कोटेशनची फाइल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मागच्या 18 महिन्यांतली न मिळालेली प्रत्येक चौकशी काढा. ईमेल, व्हॉट्सॲप, कागदी फाइल, सगळं. पार्टी, काम, आपला भाव, तारीख, का गेलं, एवढे रकाने पुरे. "का गेलं" याला चारच उत्तरं ठेवा: भाव, मुदत, मशीन नव्हतं, आपणच उत्तर दिलं नाही. शेवटचा ढीग बघून बहुतेक मालक गप्प होतात. मोठ्या पार्टीच्या गडबडीत लहान चौकश्यांना कोणी उत्तरच दिलेलं नसतं.

मुदतीमुळे गेलेली कामं आधी उचला. तेव्हा मशीन भरलेलं होतं म्हणून सहा आठवडे सांगितले होते. आज दोन आठवड्यांत देता येतं. फोन करा आणि भावाचं काढण्याआधी विचारा की ज्याला काम दिलं तो वेळेवर देतोय का. पर्चेसवाला क्षणभर थांबला, तर सॅम्पलची ड्रॉइंग मागून घ्या.

भावामुळे गेलेल्या कामाचा हिशेब वेगळा. समजा तुमचा भाव 240 होता आणि काम 215 ला गेलं. माल 140, टूल-वीज-वाहतूक-रिजेक्शन मिळून 30, म्हणजे 170 खाली जायचंच नाही. 205 ला दिलं तर नगामागे 35 सुटतात. 3000 नगांवर 1.05 लाख. रिकाम्या मशीनवर हे चालतं. पण कोटेशनवर "90 दिवस, 3000 नगांपर्यंत" असं छापलंच पाहिजे. नाही तर तो भाव कायमचा होतो आणि मशीन पुन्हा भरलं की तेच काम खिशातून पैसे काढतं. जुन्या पार्टीच्या चालू नगाला हा भाव कधीच देऊ नका. बडोदा तसं लहान गाव आहे, पर्चेसवाले एकमेकांना ओळखतात.

मशीन खरंच किती रिकामं आहे

"मशीन मोकळंच आहे" हे सुपरवायझरचं म्हणणं लिहून घेऊ नका. दोन आठवडे एक मुलगा वही घेऊन दर तासाला फेरी मारेल असं करा. वहीत असं काही उतरतं (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, इन्सर्ट म्हणजे टूलचं कापणारं पातं): "11 वाजता. व्हीएमसी 1 चालू. व्हीएमसी 2 सेटिंग. लेथ बंद, इन्सर्ट नाही. ड्रिल बंद, काम नाही." दिवसाला 8 फेऱ्या, 12 दिवस, प्रत्येक मशीनच्या 96 नोंदी. त्यातून दोन गोष्टी सुटतात: "काम नाही" म्हणून बंद असलेले तास विकता येतात, आणि "इन्सर्ट नाही, क्रेन नाही, ड्रॉइंग नाही" म्हणून बंद असलेले तास आधी स्वतःच मिळवायचे असतात. भरभराटीत दुसऱ्या प्रकाराकडे बघायला फुरसत नसते. वहीवाला मुलगा ऑपरेटरवर पाळत ठेवतोय असं वाटलं, तर नोंदी खोट्या येतात. म्हणून वहीत माणसाचं नाव लिहायचं नाही, फक्त मशीनचं.

ज्याने काम कापलं त्यालाच विचारा

काम कमी करणारी पार्टीही त्याच मंदीत असते. तिचे इतर पुरवठादार डळमळत असतात, तिला खर्च कमी करायचा असतो. रागावून फोन बंद करण्यापेक्षा पर्चेस आणि क्वालिटी या दोघांना वेगवेगळं भेटा. क्वालिटीला विचारायचं: कुठल्या भागावर सगळ्यात जास्त रिजेक्शन येतंय? पर्चेसला विचारायचं: कुठला भाग तीन ठिकाणी फिरून जुळणीला येतो? मशीनिंग एकाकडे, वेल्डिंग दुसऱ्याकडे, रंग तिसऱ्याकडे असा भाग तुम्ही पूर्ण करून दिलात, तर त्यांची वाहतूक आणि भांडणं वाचतात आणि तुमचं बिल वाढतं.

तरी एकाच्याच ओसरीवर मुक्काम नको. हालोलला जनरल मोटर्सने एप्रिल 2017 मध्ये उत्पादन थांबवलं. त्याच कारखान्यातून एमजीची हेक्टर बाजारात आली ती 2019 मध्ये. मोटारी पुन्हा निघाल्या, पण मधली दोन वर्षं हप्ते थांबत नाहीत. ज्याच्या प्रेस-वेल्डिंगला ट्रान्सफॉर्मरच्या टाकीचं किंवा सावलीला बनणाऱ्या मेट्रोच्या डब्यांचंही काम करता येतं, त्याची उडी लहान असते. म्हणून तीच मशीन, तीच माणसं, फक्त पार्टी नवी, असं काम आधी. पार्टीही नवी आणि मशीनही नवं, असं काम मंदीत घेऊ नका.

विमानाच्या कामाचंही तेच. टाटांच्या सी-295 या लष्करी वाहतूक विमानांचा कारखाना बडोद्यात ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला, 40 विमानं इथे जुळायची आहेत. पण त्या साखळीत शिरायला एएस 9100 हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र, प्रक्रियेच्या नोंदी आणि धीर लागतो. पुढच्या तिमाहीचे पगार त्यातून निघणार नाहीत. एका इंजिनिअरला आठवड्यातला अर्धा दिवस त्या तयारीला द्या, त्याहून जास्त नको.

नवं काम पैसे खातं

11 लाखांचं मासिक काम मिळालं, कायदा काहीही म्हणो, व्यवहारात 60 दिवसांची उधारी. पहिलं बिल पहिल्या महिन्याच्या अखेरीस, पैसे तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस. तोपर्यंत दर महिन्याला 6.4 लाखांचा माल घ्यावा लागतो, म्हणजे 19 लाखांच्या वर अडकतात. ऑर्डर मिळूनही अडचणीतले कारखाने इथे बसतात. उपाय तीन: पहिले तीन महिने जॉबवर्कवर घ्या, किंवा मालापुरता 30 ते 40 टक्के ॲडव्हान्स मागा, किंवा पार्टी मोठी असेल तर ट्रेड्सवर (लहान उद्योगांची बिलं मुदतीआधी वटवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) बिल वटवा. 250 कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे "आमच्याकडे ती सोय नाही" हे उत्तर त्यांच्याकडून मान्य करू नका.

एका वेळी तीनच सॅम्पल चालवा. प्रत्येकाला एक माणूस, खर्चाची मर्यादा आणि थांबायची तारीख आधीच लिहा: समजा 60 हजार आणि सहा आठवडे. तारीख उलटली आणि लेखी ऑर्डर नसली तर बंद. "आणखी एक सॅम्पल द्या" असं तिसऱ्यांदा म्हणणाऱ्या पार्टीकडून सॅम्पलचे पैसे घ्या. खरी गरज असेल तर देते.

पाच-सहा महिन्यांनी मोठ्या पार्टीचा ईमेल पुन्हा येईल, 1500 च्या जागी 3500. तेव्हा नव्या लहान पार्ट्यांचं काम बाजूला सारून मशीन रिकामं करायचा मोह होतो. होकार कळवण्याआधी फळ्यासमोर उभे राहा. प्रत्येक मशीनच्या निदान पंचवीस टक्के तासांवर नव्या पार्ट्यांची नावं लिहा, आणि मोठ्या पार्टीला उरलेल्या तासांत बसेल तोच आकडा कळवा.