गडावर सगळ्यांत लहान पुढे
मुलांना घेऊन पहिल्यांदाच गड चढणार असाल तर लोहगड निवडा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरता येतं आणि पायथ्याच्या लोहगडवाडीपासून माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. घरातल्या सगळ्यांत लहानग्याला पुढे चालू द्या, त्याच्या पाठोपाठ एक मोठं माणूस, आणि एक मोठं माणूस सगळ्यांच्या शेवटी. वेग लहानग्याच्या पायांचा धरला की कुणी मागे रेंगाळत नाही, ‘अजून किती राहिलं?’ ही कुरकुरही कमी होते. वाटेत गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे लागतात. प्रत्येकापाशी थांबून दोन घोट पाणी आणि चिक्कीचा तुकडा द्या. तहान लागायची वाट पाहू नका.

खरी काळजी घ्यायची ती उतरताना. मुलांच्या पायांची नखं आदल्या दिवशीच कापा. उतरायला लागण्यापूर्वी टाच बुटात मागे दाबून नाड्या पुन्हा आवळा, नाहीतर पायरीपायरीला अंगठा बुटाच्या टोकावर आपटतो. पावसाळ्यात पायऱ्या शेवाळलेल्या असतात, तेव्हा मुलाचा हात धरून त्याच्या एक पायरी खाली राहा. धुकं दाटलं असेल तर विंचूकाट्याकडे, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेकडे, जाणं सरळ रद्द करा.