डिसेबिलिटी पेन्शनची फाईल अडकलीय? नुसती वाट बघत बसू नका, हे करा

जय हिंद मंडळी. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, कुठल्याही तालुक्यात जा, एक तरी माजी सैनिक असा भेटतोच की ज्याचा गुडघा नाहीतर कणा नोकरीत गेलाय, मेडिकल बोर्डाने अपंगत्वाचे टक्केसुद्धा लिहून दिलेत आणि पेन्शनचं विचारलं की फोनवर एकच उत्तर, "साहेब, केस अंडर प्रोसेस आहे". मी सर्व्हिसमध्ये क्लार्क होतो, आयुष्य कागदातच गेलं, त्यामुळे गावोगावचे लोक फाईल घेऊन माझ्याकडे येतात. बघून जीव तुटतो, कारण बहुतेकांची केस खरी असते पण वर्षं नुसती वाट बघण्यात गेलेली असतात. सरकार गप्प बसलं तरी कायद्यात त्या गप्प बसण्यालाही मुदत आहे, ती संपली की पुढचा दरवाजा उघडतो, आणि हेच आपल्या लोकांना कोणी सांगत नाही.

आधी कागद. घरातली काळी ट्रंक उघडा आणि डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या तपासणीची कॉपी (आर्मीत एएफएमएसएफ-१६ म्हणतात तो फॉर्म), नोकरीत असताना झालेल्या सगळ्या कॅटेगरी मेडिकल बोर्डांचे कागद, एमएचचे (मिलिटरी हॉस्पिटलचे) डिस्चार्ज स्लिप आणि जखम झाली असेल तर इंज्युरी रिपोर्ट, हे सगळं एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. बोर्डाची कॉपी नसेल (निम्म्या लोकांकडे नसतेच) तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसच्या (तुमचं सर्व्हिस रेकॉर्ड जिथे असतं त्या) जनमाहिती अधिकाऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, सर्व्हिस नंबर, रँक, नाव, डिस्चार्जची तारीख लिहून. "माझी माहिती द्या" असं मोघम लिहू नका, नेमकं मागा : भरतीच्या वेळच्या मेडिकलची प्रत, रिलीज मेडिकल बोर्डाची प्रत, इंज्युरी रिपोर्ट, आणि क्लेम नाकारला असेल तर ते नाकारल्याचं पत्र. उत्तर ३० दिवसांत यायला पाहिजे, नाही आलं तर त्याच खात्यात पहिलं अपील करा.

बोर्डाची प्रत हातात आली की दोनच गोष्टी बघायच्या. एक, टक्के किती. नोकरी पूर्ण करून आलेल्याला डिसेबिलिटी एलिमेंटसाठी (पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या हिश्शासाठी) किमान २० टक्के लागतात. दुसरी जास्त महत्त्वाची, आजार सर्व्हिसमुळे झाला का किंवा सर्व्हिसमुळे वाढला का, त्यासाठी अॅट्रिब्युटेबल (सर्व्हिसमुळे झालेला) आणि अॅग्रव्हेटेड (सर्व्हिसमुळे वाढलेला) असे रकाने असतात त्यांच्यापुढे काय लिहिलंय. बऱ्याच जणांच्या दोन्ही रकान्यांत "नो" असतं आणि कारणाच्या जागी एक ओळ, की आजार पीस स्टेशनला (सीमेपासून दूर, शांत ठिकाणच्या पोस्टिंगला) सुरू झाला, सर्व्हिसशी संबंध नाही. बस, एवढंच. भरतीच्या दिवशी ज्याच्या अंगावर एक खूण नव्हती, ज्याने पंधरा-सोळा वर्षं बर्फात नाहीतर वाळवंटात काढली, त्याचं बीपी किंवा हार्ट एका ओळीत निकालात काढलेलं असतं. माणसं इथेच खचतात आणि कागद परत ट्रंकेत टाकतात.

तसं करू नका, कारण ही ओळ शेवटची नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, नंतर तब्येत बिघडली तर ती सर्व्हिसमुळे असं मानायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आजार भरतीच्या वेळी तपासणीत सापडू शकला नसता असं बोर्डाचं मत असेल तर त्याची कारणंही बोर्डाने लिहायला हवीत. म्हणूनच वर भरतीच्या मेडिकलची प्रत मागायला सांगितलं, ती कोरी असेल तर तुमचं सगळ्यात मजबूत हत्यार तीच.

आता अपील. नाकारल्याचं पत्र आलं की सहा महिन्यांच्या आत पहिलं अपील करायचं, ते अपील कमिटीपुढे जातं, तिनेही नाकारलं तर परत सहा महिन्यांच्या आत दुसरं अपील. साध्या भाषेत लिहा, कुठे कुठे पोस्टिंग होतं, ड्युटी कसली होती, पहिला त्रास कधी झाला, कोणत्या एमएचमध्ये अॅडमिट होतो, आणि धरमवीर सिंग केसचा उल्लेख करा. स्पीड पोस्टानेच पाठवा आणि पावतीची झेरॉक्स काढून ठेवा, ती पावती थर्मल कागदाची असली तर वर्षभरात पांढरी पडते आणि मग अपील केल्याचा पुरावाच राहत नाही.

आणि इथे एक घोळ फार होतो. स्पर्श पोर्टलवर (सैनिकी पेन्शनचं ऑनलाइन पोर्टल) किंवा सीपीग्राम्सवर (केंद्र सरकारचं तक्रार पोर्टल) तक्रार टाकली म्हणजे अपील झालं असं लोक धरून चालतात. तसं नाहीये! तक्रार जरूर टाका, फाईल कुठल्या टेबलावर आहे ते त्यातून कळतं, पीपीओत चूक असेल, एरियर्स (थकबाकी) जमा झाले नसतील तर त्याचा उपयोगही होतो, पण अपील म्हणजे अपील, ते वेगळं आणि मुदतीत.

आता मुख्य गोष्ट. अपील करून सहा महिने झाले आणि उत्तरच नाही, तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल कायदा २००७ च्या कलम २१ प्रमाणे तुम्ही तुमच्या बाजूने सगळे उपाय केले असं धरता येतं आणि सरळ आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलमध्ये, म्हणजे सैनिकांच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणात जाता येतं. त्यासाठी पुढचे सहा महिने मिळतात. ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, घरातल्या पोरांना सांगून ठेवा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी बेंच मुंबईला आहे, निवृत्त माणूस जिथे राहतो तिथल्या बेंचपुढे अर्ज करू शकतो, त्यामुळे रेकॉर्ड ऑफिस जबलपूरला असो नाहीतर बेळगावला, तिकडे हेलपाटे घालायची गरज नाही.

वर्षं उलटून गेली असतील तरी हातपाय गाळू नका. पेन्शन दर महिन्याला देय असते म्हणून उशीर माफ होऊ शकतो, पण तरसेम सिंग केसपासून (२००८) साधारण असं झालंय की मागचे एरियर्स अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतेच मिळतात. म्हणजे आज टाळलेला प्रत्येक महिना खिशातून जातो.

पैशाचं पण बघा. १०० टक्के डिसेबिलिटीला शेवटच्या एमोल्युमेंट्सच्या (पगाराच्या) ३० टक्के, त्या हिशोबाने २० टक्क्यांना ६ टक्के. पण राउंडिंग ऑफचा, म्हणजे अपंगत्वाचे टक्के वरच्या टप्प्याला धरायचा नियम आहे, ५० च्या खालच्यांना ५०, पुढे ७५ पर्यंत ७५, त्याच्या वर १००. आधी हे फक्त इनव्हॅलिड आउट झालेल्यांना (आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना) द्यायचे, २०१४ च्या राम अवतार निकालानंतर नोकरी पूर्ण करून आलेल्यांनाही लागू झालं. एमोल्युमेंट्स ४०,००० असतील तर २० टक्केवाल्याला २,४०० च्या जागी ६,०००, वर महागाई वेगळी. ज्यांना आधीच पेन्शन चालू आहे त्यांनीही पीपीओ काढून टक्के बघा, राउंडिंग न मिळालेले अजून सापडतात. मात्र २१ सप्टेंबर २०२३ ला किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना नवीन नियम आहेत, त्यांनी हा हिशोब स्वतःला लावू नये, आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

वकिलाबद्दल. एरियर्समधले अमुक टक्के द्या म्हणणारे भेटतील, निकालावर टक्केवारी ठरवून फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तेव्हा फी आधी ठरवा आणि लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदतीसाठी विचारा. आणि स्पर्शचा पासवर्ड, ओटीपी कुठल्याही एजंटला देऊ नका, तो कितीही ओळखीचा असला तरी.

फाईलबद्दल घरात बोला हो. आपली माणसं बायकोला पेन्शनचं काही सांगत नाहीत आणि मग ती माउली पिशवीत कागद कोंबून दारोदार फिरते, हे मी बघतो तेव्हा फार वाईट वाटतं. क्लेम चालू असताना माणूस गेला तरी केस बंद होत नाही, वारसाला ती पुढे चालवता येते आणि तो हयात असतानाचे एरियर्स मागता येतात. त्यासाठी तिला केस नंबर, वकिलाचा फोन आणि फाईल कुठे ठेवलीय हे माहीत पाहिजे. निकाल बाजूने लागला आणि दिलेल्या मुदतीत पैसे आले नाहीत तर त्याच ट्रायब्युनलमध्ये अंमलबजावणीचा अर्ज करता येतो, तेही तिला आत्ताच सांगून ठेवा.