गोठ्यातली शेळी बोलायला लागते तेव्हा: मोबाइलवर दोन मिनिटांची कौटुंबिक फिल्म

बोलणाऱ्या प्राण्यांच्या मोठ्या चित्रपटांत तोंडाची हालचाल संगणकावर तयार करून प्राण्याच्या चेहऱ्यावर बसवतात. घरी मोबाइलवर फिल्म करायची, तर क्रम उलटा ठेवा. आधी शेळीचं तोंड जसं हलतं तसं टिपा, मग त्या हालचालीत बसेल असा संवाद लिहा. आधी संवाद लिहून शेळीकडून तो ‘करून घ्यायला’ गेलं की शेळीही वैतागते आणि मुलंही.

पात्रं आणि गोष्ट

दोन मिनिटांत दोन पात्रं बसतात, फार तर तीन. जागा एकच ठेवा आणि गोष्टीत एकाच कुणाला तरी काहीतरी हवं असू द्या: करडाला गव्हाणीपलीकडचा पाला हवाय, म्हातारी शेळी जागा सोडत नाही, एवढं पुरतं. प्राण्यांच्या बोलण्यात त्यांचंच जग यावं. वास, पाऊस, दावं, दुधाची वेळ, कळपात पुढे कोण आणि मागे कोण. शेळीच्या तोंडी परीक्षेचे आणि मोबाइलचे विनोद घातले की ती शेळी राहत नाही. घरात पाच-सहा वर्षांची मुलं बघणार असतील, तर पिल्लू आईपासून तुटण्याचा प्रसंग लांबवू नका. हरवलेलं करडू त्याच मिनिटात सापडू द्या.

पिल्लू घेणार असाल तर त्याचं सगळं चित्रीकरण आठवडाभरात उरका. १९९५ च्या ऑस्ट्रेलियन ‘बेब’मध्ये एका डुकराच्या भूमिकेसाठी ४८ पिल्लं वापरावी लागली, कारण पिल्लं झपाट्याने वाढतात आणि दोन शॉटमधला फरक पडद्यावर लगेच दिसतो. करडाचंही तेच होतं. महिन्याभराने घेतलेला शॉट जुन्या शॉटशेजारी बसत नाही.

चित्रीकरण

शेळी चरून आली, सावलीत बसली आणि रवंथ करू लागली, की तीच तुमची वेळ. रवंथ करताना जबडा सेकंदाला साधारण एकदा हलतो, मान स्थिर असते आणि हे बराच वेळ चालतं. चरतानाचे शॉट संवादाला निरुपयोगी, कारण तोंड खाली असतं. गायही चालेल, पण तिचा जबडा आडवा फार फिरतो. ती बोलते तेव्हा पान चघळत बोलणाऱ्या आजोबांसारखी वाटते, म्हणून तिला वयस्क, सावकाश बोलणारं पात्र द्या.

मोबाइल शेळीच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. बसलेल्या शेळीसाठी म्हणजे जमिनीपासून हातभर. ट्रायपॉड नसेल तर उलट्या घमेल्यावर वाळूची पिशवी ठेवून त्यात मोबाइल रोवा. सेटिंगमध्ये सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम यांपैकी एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा. लॉक केलं नाही तर शेळीने कान हलवला तरी उजेड वरखाली होतो.

उस्मानाबादी शेळ्या बहुतेक काळ्या असतात आणि समोरून येणाऱ्या सपाट उजेडात काळ्या तोंडाची हालचाल दिसतच नाही. तिला अशी बसू द्या, की ऊन एका बाजूने येईल आणि ओठांच्या कडेला प्रकाशाची रेघ उमटेल. पांढऱ्या किंवा तांबूस-पांढऱ्या संगमनेरी शेळीला हा त्रास नाही. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर शूट करा.

समोरासमोर बोलणारे दोन प्राणी एकत्र नसले तरी चालतं. एकीला फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे बघताना घ्या, दुसरीला उजवीकडून डावीकडे. दोघींच्या नजरा एकाच दिशेला असल्या, तर त्या तिसऱ्याच कुणाशी बोलत आहेत असं वाटतं. प्रत्येकीचे नुसते ऐकण्याचे शॉटही भरपूर घ्या: कान टवकारणं, मान वळवणं, डोळे मिटणं. दोन मिनिटांच्या फिल्मला तीस-चाळीस मिनिटांचं फुटेज हाताशी असू द्या.

तोंड हलावं म्हणून ओठांना काही चिकट लावणं, जबड्याला दोरा बांधणं, हाताने तोंड उघडणं हे काहीही करू नका. लालूच म्हणून मूठमूठ ज्वारी-मकाही नको. सवय नसताना एकदम जास्त धान्य गेलं की शेळीच्या पोटात आम्ल वाढतं, ती चारा सोडते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर दगावू शकते. बाभळीच्या दोन-चार शेंगा पुरतात. शेळी उठून निघाली, तर तो दिवस तिथेच संपला असं समजा.

संवाद लिहिणं

खरी कारागिरी इथे आहे. क्लिप आवाज बंद करून बघा आणि जबडा कितव्या सेकंदाला उघडतो, कितव्याला मिटतो ते कागदावर मांडा. प, फ, ब, भ, म उच्चारताना आपले ओठ मिटतात, आणि बघणाऱ्याचा डोळा नेमका तिथेच चूक पकडतो. उघड्या तोंडातून ‘म’ आला की फसवणूक उघडी पडते. बाकीच्या अक्षरांना प्रेक्षक बरीच सूट देतो.

समजा, करडाला म्हणायचंय, ‘मला पण पाला पाहिजे.’ यात चार वेळा ओठ मिटायला हवेत, आणि करडाचे चार मिटणे नेमके तिथे येणं अशक्य. त्याऐवजी ‘सगळं तीच खातेय, जरा इकडे दे ना!’ असं लिहा. ओठ मिटणारं अक्षर एकही नाही, भाव तोच, आणि मुलाच्या तोंडी जास्त शोभणारं वाक्य. ‘म’ टाळता येत नसेल तर तो जबडा मिटण्याच्या क्षणावर आणा.

वाक्य तीन सेकंदांच्या आत संपवा. आपलं बोलणं रवंथापेक्षा बरंच जलद असतं, म्हणून क्लिपचा वेग १२५ ते १५० टक्के करा. त्यापुढे गेलात तर कान आणि शेपूट थरथरल्यासारखे दिसतात. शेपूट फ्रेमबाहेर ठेवलं तर थोडी मुभा मिळते.

आवाज

कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर किंवा गोधडी टांगलेल्या खोलीत रेकॉर्ड करा, पंखा बंद करून. मोबाइल तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला धरा, नाहीतर ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार आदळतो. करडाचा आवाज खऱ्या मुलाचाच घ्या. मोठ्या माणसाचा आवाज दोन-तीन सेमीटोनपेक्षा (सेमीटोन म्हणजे पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) वर चढवला की डबा वाजल्यासारखा येतो. गोठ्यातला मोकळा आवाजही मिनिटभर वेगळा रेकॉर्ड करून सगळ्या संवादांखाली हलका सोडा. तो नसला की शेळी गोठ्यात आणि तिचा आवाज बंद खोलीत, असं ऐकू येतं.

जोडणी

क्लिप कापून जोडायला फोनवर काइनमास्टर हे अ‍ॅप पुरतं. संगणक असेल तर डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घ्या. वाक्याची सुरुवात बोलणाऱ्या शेळीवर दाखवा आणि मधला भाग ऐकणारीच्या चेहऱ्यावर टाका. अशाने निम्म्या शब्दांसाठी तोंड जुळवायची गरजच उरत नाही.

एखादं महत्त्वाचं वाक्य तरीही बसत नसेल तर तीच क्लिप वरच्या थरावर पुन्हा ठेवा, मास्कने (चित्राचा हवा तेवढाच भाग ठेवणाऱ्या सोयीने) फक्त खालचा जबडा कापा, कड मऊ करा आणि अक्षराअक्षराला दोन-तीन फ्रेमसाठी जबडा किंचित खाली सरकवा. मधल्या फटीत गडद तपकिरी रंग भरा, कारण निव्वळ काळा रंग भोकासारखा दिसतो. मान हलत असलेल्या शॉटवर हे करू नका, जबडा चेहऱ्यापासून सुटून तरंगतो. कोंबडीवर तर हा प्रयोग नकोच. तिला ओठ नाहीत, म्हणून तिचे संवाद मनातल्या विचारांसारखे नुसते वरून ऐकवा.

फिल्म जाहीरपणे दाखवायची असेल, तर प्राण्यांच्या चित्रीकरणासाठी भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, आणि ती चित्रीकरणाआधीच घ्यावी लागते.

शेवटी, गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्या मुलाला फिल्म दाखवा आणि पडद्याऐवजी त्याच्याकडे बघा. ज्या वाक्याला ते कपाळाला आठी घालून शेळीच्या तोंडाकडे बघू लागेल, ते वाक्य उचलून ऐकणारीच्या शॉटवर टाका.