‘मला माहीत नव्हतं’ कधी म्हणायचं? कामावरच्या या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-सावदा पट्ट्यात केळी पिकवण्याच्या चेंबरवर, म्हणजे कच्ची केळी ठेवून पिवळी करण्याच्या बंद खोल्यांवर, मी सुपरवायझर म्हणून काम करतो. एका मे महिन्यात आमचा अख्ख्या खोलीतला माल वाया गेला. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, की ‘मला माहीत नाही’ हे वाक्य काम सुरू होण्याआधी बोललं तर जबाबदारीची ती पहिली पायरी असते. तेच वाक्य नुकसान झाल्यावर एवढंच बोललं तर समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही.

पहिली चूक : न समजताच ‘हो’ म्हणणं, आणि तो ‘हो’ खरा मानणं

आधी काम कसं चालतं ते सांगतो. चेंबर साधारण १६ ते १८ अंशांवर ठेवून इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतात. चोवीस तासांनी दार उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. तापमान १३ च्या खाली गेलं की केळीला थंडी बाधते, आणि ही बाधा त्याच दिवशी दिसत नाही. माल बाहेर निघाल्यावर एक-दोन दिवसांत साल राखाडी पडते, पिवळा रंग धरतच नाही.

रात्रपाळीला नवा पोरगा आला होता. मी दहा मिनिटांत त्याला तापमान लावायचं पॅनल समजावलं आणि विचारलं, “समजलं ना रे?” तो म्हणाला, “हो भाऊ.” बाहेर ४४ अंश, रात्रीही भिंती तापलेल्या. त्याला वाटलं, माल जेवढा थंड तेवढा चांगला. त्याने आकडा १० वर नेला. सकाळी दिवसपाळीच्या माणसाने तो पाहिला, पण त्याला वाटलं मीच बदलला असेल. दोन रात्री तसंच चाललं. मग व्यापाऱ्याचा फोन आला, “घड राखेत लोळवल्यासारखे दिसताय.”

पोरगा एवढंच म्हणाला, “भाऊ, मले माहीत नव्हतं.” ते खरंच होतं. मी त्याच्यावर ओरडलो, शेठला सांगितलं की नव्या पोराने घोळ केला, आणि मोकळा झालो. ती माझी चूक आजही मला सलते. चार लोकांसमोर ‘समजलं ना?’ विचारलं तर नवा माणूस ‘नाही’ कसा म्हणेल? कामाची गरज त्याला, ओळखीने लावलेला तो, आणि गावात नाव जाण्याची भीती. त्याचा ‘हो’ माझ्या प्रश्नानेच त्याच्या तोंडून काढला होता.

आता मी समजलं का, असं विचारत नाही. “करून दाखव” म्हणतो. “आकडा १३ च्या खाली गेला तर काय करशील, कुणाला फोन लावशील?” असं विचारतो. उत्तर चुकलं तर तिथेच कळतं, आणि तेव्हा एक फणीसुद्धा वाया गेलेली नसते.

दुसरी चूक : ‘माहीत नाही’ म्हणून फोन ठेवणं

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काम करणारा माझा एक मित्र हे नेहमी सांगतो. शेतकरी फोन करतो, कापसात ओल थोडी जास्त आहे, सरकारी खरेदीत चालेल का? ऑफिसातला माणूस ‘चालेल, आणा’ म्हणतो, नाहीतर ‘मला काय माहीत’ म्हणतो. पहिल्या उत्तराने ट्रॅक्टर भाड्यासकट परत जातो, दुसऱ्याने शेतकरी जिथे होता तिथेच राहतो. नियम असा आहे : ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात, त्यावर खरेदी नाही. पाठ नसेल तर “विचारून चार वाजेपर्यंत सांगतो, तोवर माल भरू नका” एवढं तरी बोलता येतं. पण मग चार वाजता फोन करायलाच हवा.

तिसरी चूक : ‘चूक माझी’ म्हणून विषय मिटवणं

ही चूक भल्या माणसांकडून होते, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काही लोक लगेच सगळं अंगावर घेतात : “माझंच चुकलं, माफ करा.” समोरचा शांत होतो, चौकशी थांबते. पण दिवसपाळीच्या माणसाने आकडा पाहूनही का विचारलं नाही, हे मग कुणीच शोधत नाही. पुढच्या मे महिन्यात तीच खोली पुन्हा जाऊ शकते. जबाबदारी घेणाऱ्याने हे प्रश्न उघडे ठेवायचे असतात, स्वतःला कितीही जड गेलं तरी.

चौथी चूक : काम कुणाचं हे ठरलेलंच नसणं

२३ जुलै १९८३ ला कॅनडात एका बोईंग ७६७ विमानाचं इंधन ४१ हजार फुटांवर संपलं. लागणार होतं २२,३०० किलो, पण हिशेबात किलोऐवजी पौंडाचा गुणक धरला गेला, त्यामुळे निम्म्याहूनही कमी भरलं. पूर्वी हा हिशेब पाहायला विमानात फ्लाइट इंजिनिअर असायचा. नव्या विमानात ती जागाच नव्हती, आणि तिचं काम आता कुणाचं हे नीट ठरलं नव्हतं. वैमानिकांनी इंजिनाशिवाय तरंगत नेऊन विमान उतरवलं, सगळे वाचले. आमच्या चेंबरवर दोन पाळ्यांमधल्या आकड्याचं तेच झालं होतं. आता पाळी बदलताना दोघं मिळून वहीत आकडा लिहितात, दोघांच्या सह्या होतात. आकडा बदलला असेल तर बदलणाऱ्याचं नाव शेजारी असतं.

नुकसान झालंच तर

उशीर करू नका. व्यापाऱ्याला तुमच्या आधी दुसऱ्याकडून कळलं, तर पुढचं काही तो ऐकत नाही. मी या क्रमाने बोलतो : काय झालं, किती मालाला झालं, यातलं मला काय माहीत नव्हतं, ते विचारायची वेळ कधी होती, आणि आज संध्याकाळपर्यंत मी काय करतोय. तिसरी गोष्ट गाळू नका. ती सांगायला सगळ्यात जास्त लाज वाटते, पण आमच्या व्यापाऱ्याने पुढची गाडी दिली ती मी त्याला तेवढं सांगितल्यावर.