‘फेअर’चं भाषांतर करताना या चुका टाळा

इंग्रजी-मराठी भाषांतरं तपासणाऱ्या कुणालाही विचारा, सर्वांत जास्त लाल खुणा साध्या शब्दांभोवतीच पडतात. अवघड शब्द दिसला की नवशिका थांबतो, कोश उघडतो, कुणाला तरी विचारतो. ‘फेअर’पाशी मात्र कुणी थांबत नाही. शाळेपासून ओळखीचा शब्द आहे, त्यामुळे माणसाबद्दल असेल तर ‘गोरा’ आणि बाकी सगळीकडे ‘योग्य’ लिहून मंडळी पुढे सरकतात. माझ्याकडे कोर्टाचे कागद, दवाखान्याच्या फायली, सरकारी पत्रकं येतात. त्यांत या एका विशेषणाने केलेला घोळ निस्तरताना फार वेळ जातो, आणि कधी कधी तो घोळ कुणाच्या तरी आयुष्याशी संबंधित असतो.

‘फेअर’ला ‘चांगला’ समजणं

माझ्या मते ही सर्वांत घातक चूक. इंग्रजीत श्रेणी लावताना ‘फेअर’ ही मधली किंवा मधल्याच्याही खालची पायरी असते. एक्सलंट, गुड, फेअर, पुअर. म्हणजे ‘गुड’च्या खाली आणि ‘पुअर’च्या वर. प्रगतिपुस्तकावर ‘फेअर’ असा शेरा आला, तर बाई कौतुक करत नसतात. मूल जेमतेम निभावतंय, लक्ष द्या, असं सांगत असतात.

एका वकिलांनी तक्रार दाखल करण्याआधी एक भाषांतर माझ्याकडे पडताळणीला पाठवलं होतं. एक वयस्कर गृहस्थ रुग्णालयात दाखल झाले आणि तिसऱ्या दिवशी गेले. घरच्यांनी केसपेपरची प्रत मिळवली आणि ओळखीतल्या एका मुलाकडून घाईघाईने तिचं मराठी करून घेतलं. पहिल्याच पानावर होतं, ‘सर्वसाधारण प्रकृती उत्तम’. झालं! धडधाकट माणूस आत गेला आणि यांनी तो घालवला, अशी घरच्यांची खात्री पटली. तक्रारीचा मसुदाही त्याच वाक्यावर उभा होता.

मी मूळ कागद मागवला. घाईत लिहिलेलं किरटं अक्षर, ‘जी. सी. फेअर’, पुढे नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांचे आकडे, आणि शेवटी ‘प्रॉग्नोसिस गार्डेड, एक्सप्लेन्ड टु रिलेटिव्ह्ज’. जी. सी. म्हणजे जनरल कंडिशन. ती फेअर आहे याचा अर्थ माणूस शुद्धीवर आहे, नाडी-रक्तदाब सध्या सांभाळून आहेत, पण तब्येत चांगली म्हणावी अशी नाही. आणि प्रॉग्नोसिस गार्डेड म्हणजे पुढे काय होईल याचा भरवसा देता येत नाही. त्या मुलाने तिथे ‘रोगनिदान सुरक्षित’ असं लिहिलं होतं. म्हणजे डॉक्टरांनी जपून राहायला सांगितलेलं आणि मराठीत मात्र दोन्हीकडे अभय दिलेलं!

मी त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मॅडम, मोबाइलवर “चांगली” आलं होतं. ते जरा नीट वाटावं म्हणून “उत्तम” केलं.’ या वाक्याचा मला आजही राग येतो. अर्थ कळला नाही हे समजू शकते, पण न कळलेल्या शब्दाला वरून पॉलिश करायचं धाडस येतं कुठून? रुग्णालयाकडून हलगर्जी झाली की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. पण त्या घराने कित्येक महिने ‘उत्तम’ हा शब्द उराशी धरून काढले, आणि तो मूळ कागदावर नव्हताच. वकिलांनी मसुदा नव्याने लिहिला.

अशा वेळी मी एकटा शब्द कधीच भाषांतरित करत नाही. तो ज्या श्रेणीत बसतो ती सगळी श्रेणी आधी कागदावर लिहून काढते आणि मग एका झटक्यात मराठी करते. अमेरिकेतली रुग्णालयं रुग्णाची स्थिती कळवताना गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल अशी क्रमवारी वापरतात. चारही शब्द समोर मांडले की ‘फेअर’ला ‘उत्तम’ म्हणायचं कुणाच्या मनातही येणार नाही. मी तिथे ‘ठीक’ किंवा ‘मध्यम’ लिहिते. ‘बरी’ हा शब्द सुचतो, पण रुग्णाच्या बाबतीत तो टाळा, कारण ‘बरा झाला’ म्हणजे दुखण्यातून उठला. शिवाय सिंधुदुर्गात आणि गोव्यात ‘बरा’, ‘बरो’ म्हणजे सरळसरळ चांगला. पाहणीच्या फॉर्मवर ‘तुमची तब्येत बरी आहे’ असा पर्याय छापलात, तर सावंतवाडीचा माणूस आणि साताऱ्याचा माणूस एकाच चौकोनात खूण करूनही वेगवेगळं सांगत असतील.

पाहणीचे फॉर्म निघालेच आहेत म्हणून सांगते, ‘उत्कृष्ट, चांगले, योग्य, वाईट’ ही क्रमवारी मी इतक्या ठिकाणी छापलेली पाहिली आहे की आता ती लोकांना बरोबर वाटायला लागली आहे. ‘योग्य’ ही श्रेणी असूच शकत नाही. सेवा योग्य असेल तर ती ‘चांगले’च्या खाली कशी?

उसाचा ‘फेअर’ आणि सोयाबीनचा ‘फेअर’

दुसरी माझ्या जिव्हाळ्याची चूक शेतीच्या कागदांतली. एकाच शेतकऱ्याच्या घरात हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी येतो.

एफआरपी, म्हणजे फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस, कारखान्याने उसाला किमान द्यायचा सरकारने ठरवलेला दर. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात २००९मध्ये दुरुस्ती झाली आणि जुन्या वैधानिक किमान किमतीच्या जागी ही आली. २०२५-२६च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये ठरली, आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत कारखान्याने ती द्यायची असते. इथला ‘फेअर’ न्यायाशी नातं सांगणारा आहे, उत्पादकावर अन्याय होणार नाही असा दर. मराठीत तिला ‘रास्त आणि किफायतशीर दर’ म्हणतात, आणि हे भाषांतर इतकं चपखल आहे की त्याला हात लावायची गरज नाही. तरी एका होतकरू अनुवादकाने मला ‘योग्य आणि मोबदला देणारी किंमत’ लिहून पाठवलं. गावातल्या कुठल्याही पारावर जाऊन ऐकलं असतं तरी त्याला शब्द मिळाला असता.

आता सोयाबीन. हमीभाव केंद्रावर माल एफएक्यू असावा लागतो, म्हणजे फेअर अ‍ॅव्हरेज क्वालिटी. सोयाबीनमध्ये ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत हवा, काडीकचरा, डागी आणि फुटके दाणे ठरवून दिलेल्या प्रमाणाबाहेर नकोत. इथे ‘फेअर’चा न्यायाशी काही संबंध नाही. हा पुन्हा तोच मधल्या पायरीचा फेअर, शब्दाला शब्द लावला तर ‘साधारण सरासरी दर्जा’. एका पत्रकात मी त्याचं ‘उत्तम दर्जाचे सोयाबीन’ झालेलं पाहिलं. ते वाचून चार दाणे डागी निघालेला शेतकरी काय समजणार? आपला माल केंद्रावर चालणार नाही. तो पोती गाडीत घालून व्यापाऱ्याकडे जाणार आणि हमीभावाच्या खाली विकून येणार. एका विशेषणाची किंमत क्विंटलमागे काही शे रुपये असू शकते, हे अनुवादकाला वाटलंच पाहिजे. मी तिथे ‘ठरवून दिलेला सरासरी दर्जा (एफएक्यू)’ असं लिहायला लावलं, आणि निकष त्याच पानावर छापायला सांगितले.

माझी एक सवय सांगते. ‘फेअर’ दिसला की मी समासात पेन्सिलने त्याचा विरुद्धार्थी शब्द लिहिते. त्वचा असेल तर काळीसावळी. न्यायाधीश असेल तर पक्षपाती. हवामान असेल तर पावसाळी, वादळी. प्रत असेल तर कच्ची. दर असेल तर अन्यायाचा, लुबाडणुकीचा. आणि श्रेणी असेल तर उलट शब्द सापडतच नाही, वर एक आणि खाली एक शेजारी सापडतो. एवढं लिहून झालं की मराठी शब्द बहुतेक वेळा आपोआप येतो. यात शास्त्र काही नाही, पण पेन्सिल हातात घेण्याइतकं थांबावं लागतं, आणि नवशिक्यांना नेमकं तेच जड जातं. ‘एका दिवसात इतके हजार शब्द केले’ असं अभिमानाने सांगणाऱ्याचं काम मी जास्त बारकाईने तपासते.

‘फेअरली’ म्हणजे ‘न्यायाने’, असं धरून चालणं

‘ट्रीटेड फेअरली’ असेल तर न्यायाने, खरंच. पण ‘फेअरली गुड’, ‘फेअरली लाँग’ यांत तो ‘बऱ्यापैकी’ असतो. आकाशवाणीवरचं हवामान ऐकत मोठे झालेल्यांना हा फरक शिकवावा लागत नाही. ‘कोकणात बहुतांश ठिकाणी, मध्य महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी, मराठवाड्यात काही ठिकाणी, विदर्भात तुरळक ठिकाणी’ यातलं ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे हवामान खात्याचं ‘फेअरली वाइडस्प्रेड’. त्यालाही मोजमाप आहे, विभागातल्या ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर पाऊस. ज्याने कुणी ही चार मराठी पदं पहिल्यांदा बसवली, त्याला मनापासून नमस्कार.

भाडेकरारातली ‘योग्य झीज’

‘फेअर वेअर अँड टेअर’चं ‘योग्य झीज व फाटणे’ करू नका. रोजच्या वापराने होणारी झीज, एवढंच. घर सोडताना भिंतीचा रंग विटला म्हणून अनामत कापायची की नाही, याचं भांडण याच चार शब्दांवर होतं, म्हणून ते घरमालक आणि भाडेकरू दोघांना कळेल असं लिहा.

‘जस्ट, फेअर अँड रीझनेबल’

सर्वोच्च न्यायालयातल्या १९७८च्या मनेका गांधी खटल्यानंतर घटनेच्या २१व्या कलमावरच्या, म्हणजे जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कावरच्या, निकालांत हे तीन शब्द हातात हात घालून येतात. पहिल्यालाच ‘योग्य’ वापरून टाकलंत की पुढच्या दोघांना काही उरत नाही. न्याय्य, रास्त आणि वाजवी. मराठीकडे तीन वेगळे शब्द आहेत, तिन्ही वापरा. रेशनचं दुकान ‘रास्त भाव दुकान’ आहे, २०१३च्या भूसंपादन कायद्यातलं ‘फेअर कॉम्पेन्सेशन’ म्हणजे वाजवी भरपाई, खटला असेल तर ‘निःपक्षपाती’. प्राप्तिकराच्या कागदांत जुन्या मालमत्तेची १ एप्रिल २००१ची ‘फेअर मार्केट व्हॅल्यू’ येते, तिथे वाजवी बाजारमूल्य लिहा. खुल्या बाजारात ती मालमत्ता विकली असती तर मिळाली असती ती रक्कम, इतका कोरडा अर्थ आहे तो.

‘फेअर यूज’ची चिकटवलेली पाटी

मराठी व्हिडिओंच्या खाली ‘कॉपीराइट अ‍ॅक्ट १९७६, कलम १०७, फेअर यूज’ अशी ओळ चिकटवलेली दिसते. तो अमेरिकेचा कायदा आहे. आपला कायदा १९५७चा, कलम ५२, आणि त्यातला शब्द ‘फेअर डीलिंग’. तो खासगी वापर व संशोधन, टीका किंवा समीक्षा, आणि चालू घडामोडींचं वार्तांकन अशा ठरावीक कारणांपुरता आहे. दुसऱ्याचं आख्खं गाणं टाकून खाली ‘योग्य वापर’ लिहिल्याने तो वापर योग्य होत नाही. न वाचता चिकटवलेल्या ओळीवर विसंबून राहू नका.

बाकीच्या चुका पटापट सांगते. ‘फेअर हेअर’ म्हणजे सोनेरी केस, गोरे केस नव्हेत. ‘फेअर-वेदर फ्रेंड’ म्हणजे सुखाचा सोबती. ‘फेअर इनफ’ म्हणजे ‘बरं, पटलं’, त्यात पुरेसं काही नाही. ‘टु बी फेअर’ला ‘गोरे होण्यासाठी’ असं करणारं यंत्र मी पाहिलेलं नाही, पण ‘योग्य होण्यासाठी’ करणारी माणसं पाहिली आहेत. ‘खरं सांगायचं तर’ किंवा ‘त्याची बाजू घ्यायची तर’ असं लिहा. क्रिकेटमधला ‘फेअर कॅच’ म्हणजे नियमात बसणारा झेल.

‘ट्रेड फेअर’ आणि ‘फेअर ट्रेड’ यांत शब्दांची जागा बदलली की सगळंच बदलतं. पहिला व्यापार मेळा. तो ‘फेअर’ नाम आहे आणि लॅटिनमधल्या सणाच्या दिवसाशी नातं सांगणाऱ्या शब्दापासून फ्रेंचमार्गे आला. दुसरा जुन्या इंग्रजीतला, मूळ अर्थ ‘सुंदर’. गोरा, स्वच्छ, निर्मळ, निःपक्षपाती हे सगळे अर्थ त्या सुंदरपणातून फुटले आहेत. देवनागरीत लिहिताना बसचं भाडंही ‘फेअर’च होतं, त्यामुळे ‘फेअर वाढला’ असा मथळा द्यायच्या आधी तिथे सरळ ‘भाडं’ लिहा.

‘फेअर’ जसाच्या तसा ठेवायलाही माझी हरकत नाही, जिथे तो मराठीत रुळला आहे तिथे. ‘रफ वहीत सोडव आणि फेअर वहीत उतरव’ हे कुठल्याही मराठी शाळेतल्या मुलाला कळतं. तिथे ‘स्वच्छ प्रत’ असं लिहून मला पाठवलंत तर मी ते खोडून पुन्हा ‘फेअर’ करीन.