न्यूट्रोफिल (जंतू गिळणारी पांढरी रक्तपेशी) यीस्ट गिळते ते स्लाइडवर पाहण्यासाठी

रक्त हिरव्या टोपणाच्या, हेपरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत घ्या, तेही प्रशिक्षित व्यक्तीकडूनच. जांभळ्या टोपणाची ईडीटीए नळी इथे घात करते: ईडीटीएही गोठणं थांबवतं, पण ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून ठेवतं, मग प्लाझ्मातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं यीस्टवर बसत नाहीत. ही प्रथिनं म्हणजेच न्यूट्रोफिलला शिकार पकडण्याची मूठ.

बेकरीचं यीस्ट सलाइनमध्ये कालवून ३० मिनिटं उकळा आणि तीनदा धुवा. गुठळ्या राहिल्या तर मोजणी फसते, म्हणून पिपेटने खालीवर करून फोडा. एका न्यूट्रोफिलमागे साधारण पाच यीस्ट पेशी पुरतात. १ मिली रक्तात मिसळून ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा, अधूनमधून हलकेच हलवा. तुलनेसाठी याच मिश्रणाची दुसरी नळी बर्फात ठेवा, तिथे गिळणं जवळजवळ थांबलेलं दिसायला हवं.

स्लाइडवर रक्ताचा पातळ थर (स्मिअर) करून लगेच वाळवा. लीशमन स्टेन (रक्तपेशी रंगवणारा रंग) २ मिनिटं, मग दुप्पट बफर पाणी (पीएच ६.८) घालून १० मिनिटं. तेल लावून १००च्या ऑब्जेक्टिव्हखाली पाहा. गिळलेल्या यीस्टभोवती फिकट कडं, म्हणजे फॅगोसोम (गिळलेलं कोंडणारी पिशवी), दिसतं. नुसतं वर चिकटलेलं यीस्ट मोजू नका. सूक्ष्म फोकस फिरवून खात्री करा. १०० न्यूट्रोफिल मोजा आणि त्यांतल्या कितींनी यीस्ट गिळलं ते लिहा.

यातून मारण्याची क्षमता मात्र कळत नाही. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस या आनुवंशिक आजारात न्यूट्रोफिल जंतू व्यवस्थित गिळते, पण एनएडीपीएच ऑक्सिडेज हे जंतू मारायला लागणारं एन्झाइम बिघडल्यामुळे अनेक जंतू आत जिवंत राहतात. हे एन्झाइम चालतं की नाही ते पाहायला एनबीटी किंवा डीएचआर ही रंगद्रव्याची चाचणी लागते. वापरलेल्या स्लाइड आणि नळ्या १% हायपोक्लोराइटमध्ये बुडवूनच टाका.